बारा की बावीस

मनोरमानं कागद दोनदा वाचला, चष्मा पदरानं पुसला, कागद तांदळाच्या डब्याखाली सरकवला आणि ती बोंबील साफ करायला बसली. "सही करणार नाही" असं म्हणाली असती तर निदान वाद घालता आला असता. चुऱ्यांच्या घरात वादाला कुणी कधी मागे हटलेलं नाही. पण ती गप्प बसली की त्यावर कुणाकडे उपाय नसायचा, आणि तिची नात अक्षया तर तो उपाय गेला महिनाभर शोधत होती.

कागद तसा साधा होता. अक्षयाला गेल्या महिन्यात एकवीस पूर्ण झाली होती आणि तिनं नेमबाजीच्या पिस्तुलाच्या परवान्यासाठी ठाण्याला अर्ज टाकला होता. चार वर्षं ती मुंबईच्या क्लबात हवेच्या पिस्तुलावर नेम धरत होती. राज्यात तिसरी आली होती. पुढची पायरी पंचवीस मीटरची, आणि तिथे हवेचं पिस्तूल चालत नाही, खरं काडतूस लागतं. चौकशीला आलेला शत्रुघ्न हवालदार चहा पिऊन उठताना म्हणाला होता, "घरातल्या मोठ्या माणसांनी हरकत नाही म्हणून सह्या करून द्या. तुमच्या घरचं ते जुनं प्रकरण आहे ना, साहेब विचारणारच. त्याचाही उल्लेख करून टाका, म्हणजे लपवलं असं नको व्हायला." सोमवारी सकाळी तो कागद न्यायला येणार होता. आज रविवार होता.

पाच सह्यांपैकी तीन झाल्या होत्या. आजोबा दिनानाथांची, आत्या प्रेमलाची आणि अक्षयाच्या आईची, उन्नतीची. आजी आणि बाबा राहिले होते. बाबांची अक्षयाला काळजी नव्हती. आई सही करेपर्यंत मुलगा थांबणार, जितेश चुरी पहिल्यापासून तसाच, असं तिला वाटत होतं.

ते जुनं प्रकरण घरात सगळ्यांना पाठ होतं आणि कुणी बोलत नव्हतं. चिंचोटीच्या भातशेतात रानडुकरं उतरायची म्हणून दिनानाथांनी बारा बोअरची बंदूक घेतली होती. चौऱ्याहत्तर साली एका दुपारी, इथे उमेळ्यातल्या घरीच, साफ करताना ती उडाली. प्रेमला शिडीवर चढून पानवेलीची पानं खुडत होती. एक छर्रा तिच्या डाव्या डोळ्यात गेला. एकोणीस वर्षांची होती ती. ठरलेलं लग्न मोडलं ते मोडलंच. पुढे ती शाळेत गणित शिकवायला लागली, काचेच्या डोळ्यानं वर्गाकडे आणि खऱ्या डोळ्यानं फळ्याकडे बघते असं पोरं म्हणायची, आणि तीही ते हसून सांगायची. दिनानाथांनी बंदूक आणि परवाना स्वतः नेऊन पोलिसांत जमा केला.

त्या दिवसापासून मनोरमानं नवऱ्याच्या हातचं पान खाल्लं नाही.

बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. पण ज्यांच्या चार पिढ्या पानवेलीवर जगल्या, त्या घरात जेवणानंतर नवऱ्यानं बायकोला पान लावून द्यायचं, हा रिवाज होता. कितीही भांडण झालं तरी पान चुकायचं नाही. मनोरमा अठ्ठावीस वर्षं स्वतःचं पान स्वतः लावत होती, स्वतःच्या डब्यातून. आणि दिनानाथ अठ्ठावीस वर्षं रोज एक पान जास्तीचं लावत होते. पितळी डब्याच्या झाकणावर ते ठेवायचे. संध्याकाळी प्रेमला ते सुकलेलं पान उचलून गाईला घालायची. गाय गेल्यावर केळीच्या बुंध्याशी टाकायची. त्याबद्दलही कुणी बोलत नव्हतं.

"आई," प्रेमला स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "तू सही का करत नाहीस ते मला तरी सांग."

"बोंबील संपले की सांगते."

"बोंबील संपणार नाहीत. तू मुद्दाम सावकाश करतेस."

मनोरमानं विळी आडवी केली. बहात्तर वर्षांची होती, पण नजर अजून विळीसारखीच. "मला पोरीचं वाईट करायचंय का? शिकू दे, खेळू दे, ती छोटी हवेची होती तोवर मी काही बोलले? पण आता बावीस म्हणतात सगळे. बावीस घ्यायची, बावीस परवडते, बावीसच बरी. मी महिनाभर ऐकतेय."

"मग?"

"मग काय? बारानं तुझा डोळा घेतला. ही बावीस. जवळजवळ दुप्पट! ती काय काय घेईल, सांग मला. तू गणिताची बाई ना?"

 प्रेमला खाली बसली, बोंबलांच्या पाण्यात पदर गेला तरी तिला कळलं नाही, आणि हसायला लागली. इतकी हसली की एका डोळ्यातून पाणी आलं. "आई गं! त्याच्या आधी टिंब आहे!"

"कसलं टिंब?"

"दशांशाचं. बावीस नाही ती. शून्य पूर्णांक दोन दोन. तुझ्या आठवीच्या पुस्तकात होतं."

"मी सातवीपर्यंत शिकले," मनोरमा रागावून म्हणाली. "आणि या घरात एकानं तरी ते टिंब तोंडानं उच्चारलं का?"

नव्हतंच उच्चारलं. क्लबातल्या मैत्रिणींशी फोनवर बोलताना अक्षया "पॉइंट टू-टू" म्हणायची, आणि घरी आली की "बावीस".

* * *

चारच्या सुमाराला घरोब्यातला सिप्रियन आला. नौदलाच्या गोदीतून निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली होती, पण स्कूटर अजून तो परेडला आल्यासारखी उभी करायचा. तरुणपणी गोदीच्या संघातून नेमबाजी केलेला. अक्षयाला हवेचं पिस्तूल पहिल्यांदा हातात दिलं ते त्यानंच, राजोडीच्या सुरूच्या बनामागे त्याच्या अंगणात.

"जय येशू, दिनानाथभाऊ. वहिनी, मी ऐकलं, तुम्ही माझ्या पिस्तुलाला तोफ केलंत म्हणे?"

"प्रेमले!" मनोरमा ओरडली.

"तिला काय ओरडता? फोनवर हसत होती, मला वाटलं घरात लग्न ठरलं." सिप्रियननं लाकडी पेटी ओटीवरच्या टेबलावर ठेवली. परवान्याचं पुस्तक तिच्याशेजारी, दिसेल असं. "हे बघा वहिनी, तुमचं काही चुकलं नाही. हा हिशेबच येडा आहे. बारा बोअर म्हणजे काय, तर एक रतल, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो, शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या, तर तेवढी एक गोळी नळीत बसेल. म्हणजे तिथे आकडा मोठा तशी नळी बारीक. आणि ही बावीस इंचात मोजतात. इंचाचे शंभर भाग करा, त्यातले बावीस. पाव इंचसुद्धा नाही."

त्यानं खिशातून रिकामं काडतूस काढून तिच्या तळहातावर ठेवलं. पितळेचं, खजुराच्या बीएवढं. मनोरमानं ते बोटात धरून बघितलं, आणि तिचा चेहरा फसवणूक झालेल्या माणसासारखा झाला.

"एवढंसं?"

"एवढंसं. पण वहिनी, खोटं नाही सांगणार. एवढंसं आहे म्हणून खेळणं नाही. यानं माणूस मरतो. म्हणून तर कागद, सह्या, कुलूप, सगळं लागतं."

हे त्यानं सांगितलं म्हणून मनोरमाचा विश्वास बसला. नुसतं लहान आहे, लहान आहे म्हणाला असता तर बसला नसता.

"अंकल, आणि ते इटालियन?" अक्षयाला राहवत नव्हतं. क्लबात सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. "सर म्हणतात संघटनेमार्फत मागवू. वर्ष लागेल पण नवं कोरं येईल. नॅशनलला सगळ्यांकडे तेच असतं."

"सगळ्यांकडे त्यांचे बाप असतात," सिप्रियन म्हणाला, आणि मग जितेश शेजारीच बसलाय हे लक्षात येऊन, "तुला काही नाही बोलत रे, जितेश. पण बाय, मी तुला विचारतो, पिस्तूल नेम शिकवतं की गोळ्या?"

"गोळ्या."

"एक गोळी म्हणजे एक वडापाव. दिवसाला साठ मारल्यास तर साठ वडापाव गेले. मोठ्या बोअरची घेतलीस तर गोळीमागे अख्खी थाळी. म्हणून बावीस. त्यात तुझं इटालियन फार नाजूक. त्याला महागातली गोळी लागते, स्वस्त दिली की अडकतं, थुंकून टाकतं. पिस्तुलाला इतके घालवायचे आणि मग गोळ्या मोजून मारायच्या? कपाटात ठेवून आरती करणार का त्याची?" त्यानं पेटी उघडली. "ही माझी म्हातारी. स्विस आहे. तीस वर्षं झाली. दिसायला काही नाही, पण काहीही खाऊ घाल, पचवते. परवाना आला की तुझी."

पिस्तूल बाहेर काढताना त्यानं नळीचं तोंड भिंतीकडे धरलं. मॅगझिन काढून ठेवलं, मागची कळ ओढली, आत बघितलं. मग पुन्हा ओढली, आत करंगळी घालून चाचपलं.

"बघितलं ना एकदा?" उन्नतीनं विचारलं. ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"बघितलं. तरी परत बघायचं. स्वतःच्या हातानं रिकामी केलेली असली तरी. घरी पडलेली असली तरी. हत्यार हातात आलं की आधी रिकामं आहे का बघायचं, मग बाकी सगळं. बाय, बोल."

"आधी रिकामं आहे का बघायचं," अक्षया शाळेतल्यासारखं म्हणाली. हे तिनं हजारदा म्हटलं होतं. "आणि रिकाम्यावर चाप ओढायचा नाही."

"का?"

"सुई काडतुसाच्या कडेवर आपटते, मधे नाही. आत काडतूस नसेल तर ती नळीच्या ओठावर आपटते आणि खळगा पडतो. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पोकळी घालून मग ओढायचं."

जितेशनं चहाचा कप खाली ठेवला. तो बशीवर नीट बसला नाही, थोडा चहा सांडला.

अक्षयानं पिस्तूल हातात घेतलं, परत एकदा आत बघितलं, आणि अंगणापलीकडच्या नव्या इमारतीच्या बिनखिडकीच्या आंधळ्या भिंतीकडे हात लांब केला. मग काहीतरी आठवून तिनं पिस्तूल खाली ठेवलं, पर्समधून टोपी आणि एक पांढरी झडप काढली, टोपी घालून झडप तिला अडकवली आणि डाव्या डोळ्यावर पाडली.

"हे काय?" मनोरमानं विचारलं.

"एक डोळा झाकायचा असतो, आजी. मिटला तर दुसऱ्यावर ताण येतो. म्हणून नुसता झाकायचा. एकाच डोळ्यानं बघायचं."

"डावा?" प्रेमलानं विचारलं.

"हो, माझा उजवा हात ना..." अक्षया थांबली. तिला एकदम कळलं की ती कुणाला काय सांगत होती.

"मग ते सामान मला लागायचं नाही," प्रेमला म्हणाली. "मी अठ्ठावीस वर्षांपासून तयार आहे. सिप्रियन, तुझ्या संघात जागा आहे का?"

सिप्रियन हसला. उन्नती हसली. मनोरमासुद्धा, हसू नये असं वाटत असूनही. दिनानाथ मात्र आरामखुर्चीत डबा मांडीवर घेऊन समोर बघत राहिले. झाकणावर दुपारचं पान तसंच पडून होतं.

आणि जितेश उठून मळ्याकडे निघून गेला.

मनोरमानं ते बघितलं. आपल्या सहीवाचून तो अडलाय असं तिला वाटलं. तिनं तांदळाच्या डब्याखालचा कागद मागवला, चष्मा लावला आणि "मनोरमा दिनानाथ चुरी" अशी सही केली, प्रत्येक वेलांटी सावकाश. "पोरगी शहाणी आहे," ती सिप्रियनला म्हणाली. "दोनदा बघते. माझ्या घरात एका माणसानं त्या दिवशी एकदा जरी बघितलं असतं..." तिनं आरामखुर्चीकडे मान वळवली नाही. वळवायची गरज नव्हती.

* * *

मळा आता नावालाच उरला होता. विहिरीपलीकडची चिकूची बाग गेल्या वर्षी बिल्डरला दिली, तिथे पाच मजले उभे राहिले होते. विहिरीच्या अलीकडे पानवेलीच्या चार ओळी राहिल्या होत्या, दिनानाथांच्या हट्टापायी.

जितेश दुसऱ्या ओळीशी उभा होता. तो इथेच उभा होता, चौऱ्याहत्तर सालीही. सोळा वर्षांचा. आदल्या रात्री त्याचे वडील, आप्पा, चिंचोटीहून उशिरा आले होते आणि बंदूक खुंटीला टांगून झोपले होते. चिकूवर वटवाघळं लटकत होती. त्यानं बंदूक खाली उतरवली, एका वटवाघळावर धरली, आणि तोंडानं आवाज काढायचा म्हणून चाप ओढला. ती भरलेली असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. वटवाघळाला काही झालं नाही. वेलीमागे शिडी होती. शिडीवर ताई होती, हे त्याला शिडी पडल्यावर कळलं.

आप्पा धावत आले. त्यांनी आधी प्रेमलाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि त्याच्या हातातली बंदूक काढून घेतली. आई स्वयंपाकघरातून पोचली तेव्हा बंदूक आप्पांच्या हातात होती. बस, एवढंच झालं. तेवढ्या चार पावलांत सगळं ठरून गेलं.

"चहा टाकून आलास," मागून प्रेमला म्हणाली.

"ताई, मी सही नाही करणार."

"पोरीची चार वर्षं आहेत त्यात, जितू. पुढच्या महिन्यात निवड आहे."

"मला ठाऊक आहे! मला त्या पोरीसाठी काय वाटतं ते मला ठाऊक आहे." तो तिच्याकडे वळला. "कागद वाचलास ना? त्यात काय लिहिलंय? 'सन १९७४ मध्ये श्री. दिनानाथ चुरी यांच्या हातून झालेल्या अपघाताची आम्हांस पूर्ण कल्पना आहे.' ते तूच लिहिलंस. तुझ्या अक्षरात आहे. आणि खाली सही केलीस!"

"मी नेहमी तसंच सांगत आलेय."

"तुला जमतं. मला इतकी वर्षं नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं वेगळं. आता सही करून खोटं बोलायचं? माझ्या पोरीच्या कागदावर?"

प्रेमलानं वेलीचं एक पान खुडलं, दुमडलं, परत सरळ केलं. तिला भावाचा राग आला आणि त्याचवेळी त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं. दोन्ही तिला ओळखीचं होतं.

"हॉस्पिटलात माझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती," ती म्हणाली. "आप्पांनी माझा हात धरला. म्हणाले, प्रेमा, तुला दिसलं का कोण होतं? मी म्हटलं, दिसलं. वेलीतून शर्ट दिसला होता तुझा, चौकड्यांचा.  मग म्हणाले, तो सोळाचा आहे. आयुष्यभर सगळे त्याच्याकडे तसेच बघतील. तुझी आई तर... माझ्यावर येऊ दे. मी हो म्हटलं. मला तेव्हा कळतच नव्हतं मी कशाला हो म्हणतेय."

"तुला माझा राग नाही आला?"

"आला. लग्न मोडलं तेव्हा आला. तुझं लग्न झालं तेव्हा फार आला, तुला ठाऊक नाही, वरात घरी आली आणि मी माळ्यावर जाऊन रडले. मग अक्षया झाली. मग कधीतरी शोधला तर सापडला नाही." तिनं पान टाकून दिलं. "पण खरं सांगू? मला तुमच्या कुणापेक्षा त्या झाकणावरच्या पानाचं वाईट वाटतं. रोज संध्याकाळी मीच उचलते ना ते."

जितेश खाली बसला, विहिरीच्या काठावर. सत्तेचाळीस वर्षांची बहीण त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. वरच्या मजल्यावरची एक बाई गॅलरीत कपडे वाळत घालताना त्यांच्याकडे बघत होती.

"ताई, खरं लिहिलं आणि साहेबांनी परवाना नाकारला तर?"

"तर त्याचं उत्तर मी नाही देऊ शकत. ज्याचं पिस्तूल, तिला विचार."

* * *

सिप्रियन पेटी घेऊन गेला होता. ओटीवर चौघंच होती. दिनानाथांनी दोन्ही पोरांना एकत्र येताना बघितलं, आणि जितेशची चाल बघून त्यांना कळलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला बाकी काही दिसो न दिसो, स्वतःच्या मुलाची चाल दिसते. त्यांनी डब्याचं झाकण उगाच घट्ट धरलं.

"जितेश," ते म्हणाले. "नको."

"आप्पा, मला बोलू द्या."

"पोरीचा कागद आहे. नंतर बोल. मंगळवारी बोल."

"काय बोलायचंय?" मनोरमानं विचारलं. "सही कर आणि मोकळा हो. मी केली, बघ."

जितेश तिच्यासमोर येऊन उभा राहिला. लहानपणी मार खायला उभा राहायचा तसा. "आई, बंदूक आप्पांच्या हातून नाही उडाली. मी उडवली."

 रस्त्यावरून पाववाल्याचा भोंगा वाजत गेला. मनोरमानं मुलाकडे बघितलं, मग प्रेमलाकडे, आणि प्रेमलाची मान खाली बघून तिला आणखी काही विचारायचं उरलं नाही.

"तुला ठाऊक होतं," ती मुलीला म्हणाली.

"हो."

"तुझा डोळा गेला आणि तुला ठाऊक होतं. आणि तुम्ही..." आता तिनं आरामखुर्चीकडे बघितलं. किती वर्षांनी सरळ बघितलं कोण जाणे. "तुम्ही अठ्ठावीस वर्षं माझ्याकडून ऐकून घेतलंत? जेवताना, उठता-बसता? मी पोरांसमोर तुम्हाला आंधळा म्हटलं. देवापुढे म्हटलं! एकदा तरी तोंड उघडायचं होतं!"

"सगळं खोटं नव्हतं," दिनानाथ म्हणाले. "भरलेली मीच टांगली होती. मी रिकामी करून ठेवली असती तर त्याच्या हातून काय होणार होतं? सिप्रियन म्हणाला ते खरं. बघायचं मीच होतं."

"मला का नाही सांगितलं?"

 बायकोशी इतकं लांब बोलायची दिनानाथांची सवय मोडली होती. "तुझा राग मला ठाऊक आहे. तू धरलेलं सोडत नाहीस. माझ्याशी बोलली नाहीस तरी तुझं चाललं असतं. चाललंच. तो पोरगा होता. त्याला आई लागणार होती."

मनोरमाला रडू आलं नाही. तिचा चेहरा फक्त फार म्हातारा झाला. उन्नती नवऱ्याकडे बघत होती, बावीस वर्षं संसार केलेल्या माणसाकडे, आणि तिला रागवावं की त्याच्याजवळ जावं हे ठरत नव्हतं. शेवटी ती त्याच्याजवळ गेली.

"अक्षया," जितेश म्हणाला. "कागदावर खोटं आहे. बदलला तर साहेब काय म्हणतील सांगता येत नाही. घरात दोन माणसं बेफिकीर निघाली म्हणतील. एक सही माझी राहिलीय. तू म्हणशील तशी करतो."

 म्हातारी स्विस अक्षयाच्या हातात अगदी नीट बसली होती. मनगटात तिचं वजन अजून होतं. पुढच्या महिन्यातली निवड गेली तर पुढची वर्षानं. तिनं आजोबांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, नको म्हणून. आत्याकडे बघितलं. आत्यानं काहीच केलं नाही. ती वर्गात उत्तराची वाट बघायची तशी उभी होती.

"मला राग आलाय, बाबा," अक्षया म्हणाली. "तुझा नाही. म्हणजे तुझाही. सगळ्यांचाच. मी चार वर्षं तेच एक वाक्य घोकतेय, आधी आत बघायचं, आधी आत बघायचं. आणि माझ्याच घरात कुणी बघितलं नाही." तिनं डोळे पुसले. "नवा कागद काढ, आत्या. खरं असेल ते लिही. परवाना नाही दिला तर मी परत अर्ज करीन. तोपर्यंत हवेचं मारीन, फुकट थोडंच जातं."

प्रेमलानं शाळेच्या वहीतला ताव काढला. तिचं अक्षर फळ्यावरचं होतं, गोल आणि मोठं. चौऱ्याहत्तर साली, तिनं लिहिलं, दिनानाथ चुरी यांनी भरलेली ठेवलेली बंदूक त्यांचा अज्ञान मुलगा जितेश याच्या हातून उडाली. अर्जदार अक्षया हिला शस्त्र हाताळण्याची पूर्ण शिस्त आहे. मग खोडायचं नाही असं ठरवून तिनं पुढे जोडलं, घरात इतर कुणाहीपेक्षा जास्त.

"हे शेवटचं लिहायला लागतं का?" दिनानाथांनी विचारलं.

"मला लिहायचंय," प्रेमला म्हणाली.

तिनं सही केली. उन्नतीनं केली. दिनानाथांनी चष्मा शोधून केली. जितेशनं इतकी दाबून केली की निब कागदात रुतलं. कागद मनोरमापुढे आला. तिनं या वेळी एकदाच वाचला, आणि "त्यांचा अज्ञान मुलगा" या शब्दांवर बोट ठेवून थोडा वेळ बसली. मग पेन घेतलं.

"याला माफ केलं असं समजू नका," ती सही करता करता म्हणाली, कुणाकडेही न बघता. "मला वेळ लागेल. तुम्हा तिघांनाही लागेल. तुम्ही अठ्ठावीस वर्षं घेतलीत, मी माझी घेईन."

"घे, आई," जितेश म्हणाला.

ती उठली. आत जाईल असं सगळ्यांना वाटलं. पण ती आरामखुर्चीजवळ गेली, वाकली, आणि झाकणावरचं दुपारचं पान उचललं. कडा वाळायला लागल्या होत्या. प्रेमला सवयीनं हात पुढे करून उभी होती. तिनं तो मागे घेतला.

मनोरमानं पान तोंडात घातलं.

दिनानाथ तिच्याकडे बघत राहिले.

"चुना जास्त झालाय," मनोरमा म्हणाली, आणि शेजारच्या खुर्चीवर बसून ते चावत राहिली.